वाणात लुटलेलं फर्न

यंदा हळदीकुंकवाला काय लुटायचं, हा प्रश्न मी एका मिनिटात सोडवला! नववीत असले म्हणून काय झालं? शाळेच्या प्रदर्शनात माझ्या फिशटँकला पहिलं बक्षीस मिळालं होतं. आणि त्यात पाण्यावर तरंगणारं चिमुकलं फर्न आता मावेनासं झालं होतं.

"आई, डबे-चमचे बास! काचेच्या वाटीत पाणी आणि वर चार पानं. आठवड्यात दुप्पट होतं. वाढणारं सौभाग्य!"

पुण्याहून व्हाइटफील्डला आल्यावरचं आईचं हे पहिलंच हळदीकुंकू. ती विरघळलीच. अकरा काकूंनी अकरा वाट्या तान्हं बाळ न्यावं तशा जपून नेल्या.

फर्नने शब्द पाळला! महिन्याभरात वाट्यांची पातेली झाली, पातेल्यांच्या बादल्या. आता नको असलेला डबा कुणालाही देऊन टाकता येतो, पण वाढणारं सौभाग्य कचऱ्यात टाकणार कोण? प्रत्येकीला एकच युक्ती सुचली, आणि प्रत्येकीने ती गुपचूप केली. येता-जाता, हळूच, लॉबीतल्या मोठ्या फिशटँकमध्ये!

तो टँक म्हणजे आमच्या वॉचमन संताजीअण्णांचा जीव. अण्णा मूळचे इथल्याच बनशंकरीचे, पण घरी मराठीच बोलणारे. टँकमधली केशरी मासोळी गौरम्मा त्यांनी सहा वर्षं सांभाळलेली. काचेवर टिचकी मारली की धावत यायची.

"मनू, हे हिरवं स्वल्प जास्त झालं की," सोमवारी अण्णा म्हणाले. "काढू काय?"

"छे हो अण्णा! माशांना सावली आवडते."

बुधवारी टँकवर लॉनच उगवलं होतं!

"मनू, गौरम्मा सारखी वर येऊन आ करते बघ."

"अहो, फर्न खातेय ती! लाड चाललेत नुसते!" वर मी त्याची रीलही टाकली.

लाड कसले! श्वासासाठी धडपडत होती ती. पाण्यावर जाड गोधडी घातल्यावर हवा आत शिरणार कुठून? हे मी वाचलं शनिवारी. मासे निपचित पडले म्हणून अण्णांनी मला खाली बोलावल्यावर.

चहाच्या गाळणीने मी दोन बादल्या फर्न उपसलं. तेवढ्यात लिफ्टमधून प्रमोदिनीकाकू आल्या, हातात झाकलेलं पातेलं!

"अगं, मी एकदाच टाकलं हं," त्या घाईघाईने म्हणाल्या.

"मीपण एकदाच!" मागून तीन काकू एका सुरात ओरडल्या.

बाकीचे मासे हळूहळू हलायला लागले. गौरम्मा नाही.

अण्णांनी तिला जास्वंदीच्या कुंडीत पुरलं. मला राहवेना.

"अण्णा, तुम्हाला दिसत होतं ना? मग काढून का नाही टाकलंत?"

अण्णांनी हातांची माती झटकली. "तू शाळेत शिकलेली, मनू. मला वाटलं, तुला जास्त कळतंय."

मला जास्त कळतं, असं आजवर कुणी म्हणजे कुणीच म्हटलं नव्हतं हो! किती वर्षं वाट बघत होते मी! आणि ऐकायला मिळालं तेव्हा गाळणी हातात धरून नुसती नाक ओढत उभी राहिले.