गोठ्यातले अठरा अँपिअर

सकाळी साडेनऊला आरतीच्या चारा ढकलणाऱ्या यंत्राचा फ्यूज तिसऱ्यांदा उडाला. अकराला संगमनेरहून परीक्षक गोठ्यावर येणार होते. यंत्र अडले तर तिचे डिप्लोमाचे अखेरचे वर्ष वाया जाणार होते.

"अठरा अँपिअर," मीटर पाहून ती म्हणाली. "परवा सहाच घेत होतं, पप्पा."

जळालेल्या मोटारींचे वायंडिंग भरण्यात हयात घालवलेल्या भागवतने यंत्र विटांवर चढवून चाके मोकळी फिरवली. करंट दोनवर आला. खाली टेकवताच पुन्हा अठरा.

"मोटार चांगली हाय. भुईला टेकलं की वढतीय, म्हंजी कुठंतरी वझं वाढलंय. आता समदं खोलतो."

हे ऐकताच त्याची पत्नी मोनिका लगबगीने पुढे झाली. "चहा निवतोय. बापलेक आधी पिऊन या."

दोघे परतले तो मीटरवर बारा. भागवत हातातल्या पान्याकडे बघत राहिला. "म्या तर हातबी लावला न्हाई."

"तरी दुप्पट आहे. खोलाच," आरती म्हणाली.

तेवढ्यात भागवतच्या आई रंगुबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या शब्दापुढे त्या घरात कोणी ब्र काढत नसे.

"यंत्राला दिष्ट लागलीय. मी काढते. समदे भाईर व्हा."

"आजी, दृष्टीचा आणि करंटचा काय..."

"भाईर."

पाच मिनिटांनी मीटरवर सहा. भागवतने मीटर बोटाने ठोकून पाहिला.

परीक्षकांपुढे यंत्र सुरळीत चालले. मग त्यांनी आरतीची नोंदवही उघडली. "अठरा, बारा, सहा. दोष काय होता?"

"कळलं नाही, सर. आधी चहा घेतला, मग दृष्ट काढली."

"कारणच माहीत नाही, तर पास कसं करू?"

आरतीचे डोळे भरून आले. रंगुबाईंनी ते पाहिले. त्या निमूटपणे कडब्याआड गेल्या, गुळाची ढेप घेऊन आल्या आणि यंत्राच्या उजव्या, खुराकाच्या डब्यात ती ठेवली.

"शुगर हाय म्हनून सूनबाई गूळ दावत न्हाई. ह्या डब्याला कुनी हात लावत न्हवतं, म्हनून ठिवली हुती. लाव मीटर."

बारा.

मोनिकाने क्षणभर डोळे मिटले. मग पाण्याच्या टाकीमागून पितळी खलबत्ता आणून तिने डाव्या डब्यात ठेवला. "वन्संना देनार हुता ना तुमी, आत्याबाई."

अठरा. फ्यूज उडाला.

कालपासून त्याच खलबत्त्याच्या चोरीसाठी भंगारवाल्याला बोल लावणाऱ्या रंगुबाईंनी सुनेवर डोळे वटारले. मग पदर सावरून त्या परीक्षकांकडे वळल्या.

"साहेब, कारन कळलं न्हवं? लिवा पास. आन् चहाला थांबू नका, आमचं घरात बोलनं हाय."