रतिलाल पाटलाची बेटावरची कारकीर्द

१९३९ सालच्या पावसाळ्यात रतिलाल उखा पाटलाच्या डोक्यात राजकारण शिरलं आणि त्याच्या बायकोच्या, कौसाबाईच्या घरातली चहापूड संपली.

तापीच्या दोन धारांमधलं त्यांचं बेट म्हणजे चाळीसेक घरं, कपाशीची वावरं, एक मोठा निंब आणि नदी ओलांडायला एकच नाव. उन्हाळ्यात एक धार आटली की गाडीबैलाने प्रकाशा गावाला जाता यायचं. पावसाळ्यात मात्र बेट म्हणजे स्वतंत्र देश. बाजाराला निघालेला माणूससुद्धा "परमुलखमा जाई ऱ्हायनू" असं घरी सांगून नावेत पाय ठेवायचा. या देशाला त्या साली सरकारने पंचायत दिली आणि देशाला सरपंच हवा झाला.

त्या दिवसापासून रतिलालने वावराकडे पाठ फिरवली. ओट्यावर खाट टाकून तो दिवसभर राज्यकारभाराच्या गोष्टी बोले. ऐकायला येणाऱ्यांना चहा लागे आणि चहा प्यायलेला माणूस जेवणाशिवाय हलत नसे. भाषणाची तालीम कौसाबाईसमोर चाले. ती भाकरी थापत असायची आणि हा चुलीपाशी उभा राहून हात उंचावायचा, "बंधू आणि भगिनींनो!"

"मी काय तुम्हनी भगिनी शे का?" कौसाबाई म्हणायची. "धूरमाईन बाजूले सरका."

तरीही तो निवडून यावा म्हणून तिने कानबाईला नवस बोलला होता. सरपंचाला मीटिंगांना शहाद्याला जावं लागतं, कधी कधी धुळ्यालाही, आणि नदीला पाणी असलं तर मुक्काम पडतो, हे तिने नीट ऐकून घेतलं होतं. "हाऊ माणूस महिनामा आठ दिन जरी बेटबाहेर ऱ्हायना," ती जाऊबाईला म्हणाली, "तरी मन्ही कंबर सुधरी जाई."

निवडणुकीत समोर उभा होता दोधू फकिरा. दोधू घरजावई. रतिलालची चुलत बहीण भिकुबाई हिच्याशी लग्न करून तो दोंडाईच्याकडून आला आणि बेटावरची ती एकुलती एक नाव चालवू लागला. बाकी सगळं बेट एकाच भाऊबंदकीचं.

"जवाईनी जेवानं आनि झोपानं," रतिलाल सांगत फिरायचा. "राज करानं नही."

पण पुरुषांना दोधूला दुखवणं कठीण होतं. उद्या पैलतीरावर न्यायला तोच. तेव्हा रतिलालने शक्कल लढवली. ज्याच्या नावावर शेतसारा, त्याला मत, असा नियम होता. त्याने भाऊबंदांच्या मागे लागून एकेक वावर बायकांच्या नावावर करून घेतलं. "बठ्ठ्या आपल्याच घरन्या सुना," तो मांडीवर थाप मारून म्हणाला. "आपला शबदबाहेर जातीन का?"

मतदानाला शहाद्याहून एक तरुण कारकून आला. नावेत त्याला गरगरलं होतं. तो निंबाखाली टेबल लावून बसला तेव्हा टेबलच डोलतंय असं त्याला वाटत होतं, आणि पाणी आणखी चढायच्या आत परतायची त्याला घाई होती. मतदाराने पुढे यावं, उमेदवाराचं नाव बापाच्या नावासकट मोठ्याने सांगावं, आणि त्याने ते लिहून घ्यावं, अशी रीत ठरली होती. पुरुषांची मतं झाली. भाऊबंदकी शेवटी नावेपेक्षा जड ठरली; रतिलाल चांगला पुढे होता. मग बायका आल्या.

पहिली आली रतिलालच्या धाकट्या भावाची बायको, बेबीबाई. पदर हनुवटीपर्यंत.

"कोणाला मत?"

"त्यास्ले."

"त्यास्ले म्हणजे कोणाला?"

"आम्हना जेठले."

"अहो, नाव सांगा."

बेबीबाईने पदराचं टोक दातात धरलं. "जेठनं नाव कोनी लेस का, साहेब? तुम्हना घरमा लेतस का?"

नवरा, सासरा आणि जेठ, म्हणजे थोरला दीर, यांची नावं बेटावरची बाई तोंडातून काढत नसे. नाव घेतलं की त्या माणसाचं आयुष्य कमी होतं, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. फक्त राजकारणाच्या भरात रतिलालच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

"नाव नाही तर मत बाद," कारकून म्हणाला. "चला पुढे."

"बाद?" बेबीबाईने नवं लुगडं नेसलं होतं आणि ते घोट्यापर्यंत चिखलात भिजलं होतं. "सकायफाईन उभी शे मी! मंग दोधू फकिरा लिखी ल्या."

मागच्या बायकांना वाट सापडली. रतिलाल कोणाचा जेठ, आणि उखा तर सगळ्यांचाच सासरा. एकीमागून एक सून येई, जरा लाजे, आणि दोधू फकिराला मत देऊन जाई. "अरे, हाई काय चाली ऱ्हायनं!" रतिलाल ओरडत धावला. पण जेठ जवळ येताना दिसताच सगळी रांग पदर ओढून पाठमोरी झाली, आणि पाठींना समजावून सांगणं कुठल्याच पुढाऱ्याला जमलेलं नाही.

मग त्याने आईला पुढे काढलं. धनुबाई काठी टेकत आली आणि ठणकावून म्हणाली, "मन्हा रतिलाल!"

"बापाचं नाव?"

"तो मरी गया."

"मेला तरी नाव असेलच ना, आजी?"

"शे ना. पन तो जित्ता व्हता तवय मी कधी लिधं नही. आते मरी गया तं कसं लेसू? वर भेटी तवय काय सांगसू त्याले?" म्हातारीने क्षणभर विचार केला. "मंग तो दोधू फकिराच लिखी ले, भाऊ."

दोधूच्या मिशा वर चढल्या. तेवढ्यात त्याची बायको भिकुबाई टेबलाशी आली. रतिलाल तिचा भाऊ, उखा तिचा काका. तिने घडाघडा सांगून टाकलं, "रतिलाल उखा!"

दोधूने कपाळावर हात मारला. "घर ये, दखाडस तुले!"

"तुम्हनं नाव लेती तं तुम्ही मरतात," भिकुबाई म्हणाली. "जित्ता शेतस ना? मंग गुमान बसा."

भिकुबाईच्या मताने दोघे बरोबरीला आले. उरली एकटी कौसाबाई.

"नाव?" कारकुनाने विचारलं. पाणी नावेच्या खुंट्याशी आलं होतं.

कौसाबाईने पदर आणखी पुढे ओढला. कोणीतरी म्हणालं, उखाणा घे. पण उखाणा घ्यायचा तो नणंदांनी दार अडवल्यावर. इथे सगळी सासरेमंडळी चिलीम ओढत बसलेली. निंबाआडून रतिलालचा आवाज आला, "ले वं नाव! एकडाव ले! मी सांगस ना तुले!"

कौसाबाईने डोळे मिटले. तिला रिकामा ओटा दिसला. उभी करून ठेवलेली खाट दिसली, आणि पलीकडे लांब लांब, सुंदर असं धुळं दिसलं.

"रतिलाल उखा पाटील," ती म्हणाली. सासऱ्याचंही नाव एकाच दमात गेलं.

चिलीम ओढणाऱ्यांना ठसका लागला. कारकुनाने लिहिलं, रतिलाल एका मताने सरपंच झाल्याचं सांगितलं आणि छत्री उचलली. कोणीतरी हार पुढे केला. तेवढ्यात धनुबाईने लेकासाठी गळा काढला, "मन्हा आंडोर गया वं माय!"

रतिलालचा हात छातीवर गेला. खरंच काहीतरी धडधडत होतं. "मन्हा जीव घाबरी ऱ्हायना," तो म्हणाला, आणि हारासकट दोघांच्या खांद्यांवरून घरी आला. ओट्यावर आईने उपाय सांगितला: ज्या गादीसाठी नाव घेतलं ती गादी सोड, म्हणजे घेतलेलं नाव फुकट जाईल. लगेच निरोप गेला, ते मत परत द्या.

"मत परत देता येत नाही," नावेत एक पाय ठेवून कारकून म्हणाला. "राजीनामा देता येतो."

रतिलालने खाटेवरूनच अंगठा उठवला. सही करण्याइतकी ताकद हातात नाही म्हणाला. निंबापासून ओट्यापर्यंत, एवढीच त्याची कारकीर्द.

दोधू सरपंच झाला आणि पुष्कळ वर्षं राहिला. मीटिंगांना तो शहाद्याला मुक्काम करायचा, आणि भिकुबाई गालांवर बाळसं धरून कौसाबाईकडे यायची, घर किती शांत वाटतं ते सांगायला. कारकुनाने साक्रीकडे बदली मागून घेतली. धनुबाई तिसऱ्या वर्षी गेली, वर काय सांगितलं कोणास ठाऊक. बेबीबाई पुढे स्वतःच पंचायतीत निवडून आली. जेठाला मत देण्यापेक्षा ते सोपं, असं तिचं म्हणणं.

रतिलाल नव्वदी ओलांडून जगला. छातीची काळजी म्हणून त्याने पुन्हा कधी बेट सोडलं नाही, आणि ओटाही फारसा नाही. कौसाबाई मात्र त्याला चारचौघांत नावाने हाक मारू लागली. "रतिलाल, पाय वर ल्या, झाडू माराना शे."

बायका तोंडावर हात ठेवायच्या. "असं रोज नाव लेस वं? त्यास्नं आयुष कमी व्हई ना!"

"मी बी तेच ऐकेल व्हतं," कौसाबाई म्हणायची आणि खाटेखालून झाडू फिरवायची.