मेव्हिस रस्ता ओलांडते

नोरीन पॅस्को पिंजऱ्याची काच पुसत होती, तेवढ्यात फोन वाजला. फोनवर तिची बहीण होती आणि बहीण एकदा बोलायला लागली की थांबत नाही. नोरीन परत आली तेव्हा काच लख्ख होती, झाकण उघडं होतं आणि मेव्हिस नव्हती.

मेव्हिस म्हणजे नोरीनने लहानाची मोठी केलेली अजगराची मादी. पुरुषभर लांब, पण स्वभावाने अगदी गरीब. नोरीनचा नवरा लेन गेल्यापासून त्या घरात नोरीनची बडबड ऐकून घेणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. सापाला कान नसतात, हे नोरीनला कुणी सांगायची सोय नव्हती.

समोरून आरोळी आली. रस्त्यापलीकडचा क्लॅरी डन्स्टन आपल्या शेडबाहेर टेबलावर चढून उभा होता.

"नोरीन! तुझी ती बया माझ्या शेडमध्ये घुसलीय!"

"हाकलू नकोस! आलेच मी!"

"मी वन्यजीव खात्याला फोन केलाय!"

"अरे मेल्या, मला हाक मारायची की आधी!"

"मला जे सुचलं ते केलं!"

आता आमच्या गल्लीची पंचाईत अशी, की राज्याची सीमा रस्त्याच्या मधोमध जाते. नोरीन क्वीन्सलँडात राहते आणि क्लॅरी न्यू साऊथ वेल्समध्ये. एरवी याचं कुणाला काही वाटत नाही. साप घालायला उशीचा अभ्रा घेऊन नोरीन क्लॅरीच्या शेडमध्ये मेव्हिसला उचलायला वाकली, तोच वन्यजीव खात्याचा लव्हेल गाडीतून उतरला.

"थांबा, मिसेस पॅस्को. तिला हात लावू नका."

"का म्हणून? माझीच आहे ती. परवाना आहे माझ्याकडे."

"क्वीन्सलँडचा. तो रस्त्याच्या मधल्या रेषेपर्यंत चालतो. इकडे तुम्ही बिनपरवाना साप धरणाऱ्या बाई."

"अहो, ते काय समोर माझं घर! माझे पडदेसुद्धा दिसतायत!"

"दिसू देत. तिथे नेलीत तर ती आंतरराज्य वाहतूक."

लव्हेल मनाने वाईट नव्हता. त्याला नियम पाठ होते, एवढंच. त्याने ते सांगितले. साप राज्याबाहेर पाठवायला परवानगी लागते आणि ती फक्त इथल्या परवानाधारकाला मिळते. नाहीतर सापाची रवानगी खात्यात, आणि तिथून चिठ्ठ्या टाकून ज्याचं नाव निघेल त्याच्याकडे.

नोरीनच्या हातातला अभ्रा गळून पडला. नोरीन गप्प बसलेली क्लॅरीने लेनच्या अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच पाहिली.

"इथला म्हणजे... माझ्यासारखा कुणी चालेल?" टेबलावरून आवाज आला. आपण तसं का बोललो, हे क्लॅरीला आजही सांगता येत नाही.

अशा रीतीने बागेतली पाण्याची नळी हलली तरी किंचाळणारा माणूस सरकारमान्य सर्पपालक झाला. पिंजरा रस्ता ओलांडून त्याच्या बैठकीत आला. पिंजऱ्याला परवाना लागत नाही. फ्रीजरमध्ये मटार आणि आइस्क्रीमच्या मध्ये गोठवलेल्या उंदरांची पुडी बसली. नोरीन रोज यायची. उन्हाळ्यात क्लॅरीच्या बाजूचं घड्याळ तासभर पुढे असतं, त्यामुळे ती सकाळच्या चहाला निघायची आणि क्लॅरीकडे चहाची वेळ टळून गेलेली असायची. तो पुन्हा एकदा आधण ठेवायचा.

सुरुवातीला क्लॅरी दारातच उभा राही. "हिचं तोंड नक्की कुठल्या बाजूला?" असं विचारून दुसऱ्या बाजूला सरके. मग त्याने खुर्ची आत घेतली. मग खुर्ची पिंजऱ्याजवळ गेली. प्रवासाचं अंतर 'रस्ता ओलांडून' असं लिहिल्यामुळे मेव्हिसला परत पाठवायच्या परवानगीचा त्याचा अर्ज एकदा परत आला, पण त्याने फारशी कुरकुर केली नाही.

"हा उंदीर अजून गार आहे, नोरीन," एक दिवस तो म्हणाला. "पोट दुखेल तिचं."

डिसेंबरातल्या, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यातल्या एका सकाळी नोरीनने टॉवेल काढायला कपाट उघडलं, तर टॉवेलांवर वेटोळं घालून मेव्हिस बसलेली. आपली आपण घरी आली होती! नोरीनला रडूच फुटलं. कपाट लावून टाकलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता.

तिने खिडकीतून पाहिलं. क्लॅरी पायजम्यावर कुंपणाच्या झुडपाखाली पालथा पडला होता आणि उघडे हात आत घालून चाचपत होता. "मेव्हिस! बाळा, कुठे आहेस गं?"

"क्लॅरी!" नोरीनने हाक मारली. "ये इकडे. आहे ती."

तो धावत आला, मेव्हिसला पाहून मटकन खालीच बसला आणि बाहीने डोळे पुसू लागला. तेवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर लव्हेल, आनंदाने फुललेला.

"परवानगी आली! साप माझ्यादेखत तिकडून इकडे आणायचा. क्लॅरी, तुम्ही इथे? मग साप कुठाय?"

"घरी," क्लॅरी म्हणाला. मग घाईघाईने, "माझ्या."

म्हणजे कायद्याने आणण्यासाठी तिला आधी चोरून पलीकडे न्यायला हवं होतं. नोरीन आत गेली आणि त्या रणरणत्या उन्हाळ्यात लेनचा लोकरीचा ओव्हरकोट घालून बाहेर आली.

"थंडी वाजतेय?" लव्हेलने विचारलं.

"वय झालं हो आता." कोटाचा खांदा हलला.

लव्हेल थोडा वेळ त्या खांद्याकडे बघत राहिला. "मी पुढे चालतो," तो म्हणाला. "मागे वळून बघायची मला सवय नाही."

क्लॅरीच्या बैठकीत शिरल्यावर तो खिडकीबाहेरच्या आंब्याचं बराच वेळ कौतुक करत राहिला. मग वळला, पिंजऱ्यातली मेव्हिस पाहून समाधानाने मान डोलावली आणि तिला रीतसर अभ्र्यात घालून घेतलं. रस्त्यात त्याने हात वर करून पावाची गाडीसुद्धा थांबवली.

नोरीनच्या दारात त्याने पेन काढलं. "क्लॅरी, तुमचा परवाना रद्द करून टाकतो. सुटलात एकदाचे."

क्लॅरीने रस्त्यापलीकडच्या आपल्या घराकडे पाहिलं.

"राहू द्या," तो म्हणाला. "तिला रस्ता माहीत झालाय."

"मलाही झालाय," असं पुटपुटत नोरीन चहा ठेवायला आत गेली.