कॉम्प्युटरवर छापलेली लग्नपत्रिका

माझ्या मुलीच्या, सुलूच्या लग्नाची पत्रिका मी कॉम्प्युटरवर छापायची ठरवली, तेव्हा अख्ख्या राई गावात कॉम्प्युटर पाहिलेला माणूस एकच होता. तो मी! साल पंचाहत्तर. भाईंदरच्या छापखान्यात अजून एकेका अक्षराचा खिळा जुळवत बसायचे. आमच्या फोर्टच्या ऑफिसातला प्रिंटर अख्खी ओळ एका दणक्यात छापायचा. आवाज असा, की पत्र्यावर कोणी चणे ओततंय.

नमुना पाहून बायको म्हणाली, "यात मराठी कुठाय?"

"त्याला इंग्रजीच येतं."

"नि लाल शाई?"

"काळीच असते."

"मग निदान कोपऱ्यांना हळदकुंकू लावा."

"शेवंती, यंत्राच्या कागदाला डाग लावायचे नसतात."

निमंत्रक म्हणून माझं नाव सगळ्यात वर होतं. एकाच जागी चारदा ठोकून चांगलं ठळक केलेलं. पत्रिका पोस्टात पडल्या.

लग्नाला पाच दिवस उरले होते. मी ओट्यावर बसून तळलेले बोंबील खात होतो. एवढ्यात उरणहून माझा चुलतभाऊ दाजी, त्याची माणसं आणि त्याच्याच आळीतले सुलूचे होणारे सासरे पुंडलिकशेठ गळे काढत अंगणात शिरले. दाजीच्या नामांकित मिशा साफ उतरवलेल्या.

"दाजी, कोण गेलं?"

"तू," दाजी म्हणाला, आणि मटकन खाली बसला. "काली शाई, हळद न्हाय, कुंकू न्हाय. पोस्टमनला तुझं नाव तेवढं वाचता आलं. आमी सुतक धरलं."

"अरे, ती पत्रिका आहे. नवी पद्धत आहे."

"पद्धत गेली खाडीत," पुंडलिकशेठ म्हणाले. "मांडव सोडवून आलोय मी. लग्नाआधी मयताचं पत्र आलं. या साली लगीन न्हाय."

आत हळद कुटणाऱ्या सुलूचा हात थांबला. तरी मी म्हणालो, "यंत्राने एक अक्षर चुकवलेलं नाही. दाखवा चूक."

शेवंतीने मला बोंबलांसकट बाजूला सारलं. "व्याहीबुवा, मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं. एवढा चांगला शकुन घरी चालून आला, नि तुम्ही मांडव सोडवता?"

पुंडलिकशेठनी विचार केला. मग बोंबील मागितला. लग्न ठरल्या दिवशीच होणार होतं.

दाजी मात्र ओठांवरून हात फिरवत बसला होता.

"रागावलास?" मी विचारलं.

"न्हाय रे. मयताच्या घरी चार बरे शबुद बोलावे लागतात. होडीत बसल्यापासून आमी सगले आठवतोय. राई आली, तरी कोनाला एक सुचला न्हाय."

यंत्राची चूक नव्हती, हे मी आजही सांगतो. दाजीचं मात्र मी कोणाला सांगत नाही.