आठ तोट्यांचे अप्पा

उदगिरात नवं दुकान उघडलं की पेढा तोंडात टाकायच्या आधी वीरभद्रअप्पा मालकाची उलटतपासणी घेतात. "ह्यात नवं काय हाय? मुखेडात चालंल का? लोह्यात? न्हाई? मग हे स्टार्टअप न्हाई, दुकान हाय. आण पेढा." परवा एका मोबाइलवाल्याला त्यांनी ऐन मुहूर्तावर रडकुंडीला आणलं.

अप्पा आमचे शेजारी. पत्र्याच्या शेडात वेल्डिंग करतात. दुष्काळात टँकर आला की एका पाइपवर अख्खी गल्ली तुटून पडायची. निम्मं पाणी मातीत, निम्मं भांडणात. अप्पांनी भंगारातल्या नळीला आठ तोट्या जोडल्या आणि ती टँकरला लावली. आठ घागरी एकदम भरू लागल्या, शिव्या कमी झाल्या. ढिम्म प्रशासनाला हे सुचलं नाही, हे मी उदगीर जिल्ह्याच्या मागणीच्या माझ्या पत्रकात छापणारच आहे.

स्टार्टअपची मान्यता मिळाली तर सरकारी टँकरांना अशा नळ्या बसवायच्या टेंडरला अनुभवाची अट सुटणार होती, म्हणून अर्ज भरायला मी बसलो. नवं काही आहे? आहे. वाढेल, शेजारच्या गावांतही चालेल? चालेल. हे प्रश्न अप्पांनी तेव्हाच पाठ केले. मग प्रश्न आला: हा धंदा जुन्या धंद्यातून फोडलेला आहे का?

"हाव म्हण," अप्पा म्हणाले. शेड आधी त्यांच्या आणि धाकट्या भावाच्या भागीदारीत होतं. भाऊ भांडून लातूरला गेला.

"अप्पा, 'नाही' लिहू द्या! जुन्यातून फोडलेला धंदा सरकार स्टार्टअप धरत नाही. 'हो' म्हटलं की अर्ज कचऱ्यात."

"आन् तू उदगीर जिल्हा करा म्हणून पत्रकं वाटत फिरलालास, तो काय आभाळातून पडणार हाय? लातुरातूनच फोडणार की. मग तुझा जिल्हा बी नवा न्हाई."

मी पत्रकांचा गठ्ठा अर्जाखाली सरकवला.

"न्हाई लिहिलं तर धाकटा इथं कवा नव्हताच, आसं होतंय," अप्पा तोट्यांच्या नळीकडं बघत म्हणाले. "तोट्यांची कल्पना त्याची. मीच त्याला येड्यात काढलो, म्हणून तर गेला. संस्थापकात नाव घाल त्याचं. माझ्या आधी."

घातलं. अर्ज नामंजूर झाला. मी पत्र घेऊन तणतणत शेडात शिरलो, निषेधाचा मजकूर तोंडपाठ करून. अप्पांनी चष्मा लावला आणि पत्रात छापलेल्या दोन्ही नावांवरून बोट फिरवलं, आधी धाकट्याच्या, मग स्वतःच्या.

"लई चांगलं छापलंय," ते म्हणाले. "ह्याची एक झेरॉक्स लातूरला धाकट्याला पाठव. भांडायला तरी येईल."