वधू-वर सूचीतला व्हायरस

वाल्मिकभाऊ चपला न काढताच दुकानात शिरले, तेव्हाच उज्ज्वलाला कळलं की काहीतरी बिनसलं आहे. कॉम्प्युटरला धूळ सोसत नाही, म्हणून लिंबायतमधल्या तिच्या टायपिंगच्या दुकानात सगळे चपला उंबऱ्याबाहेर ठेवत. वाल्मिकभाऊ तर समाजाच्या वधू-वर मेळाव्याचे प्रमुख, नियम पाळणारा माणूस. त्यांनी हातातला वधू-वर सूचीच्या कच्च्या छपाईचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"वाच."

उज्ज्वलाने वाचलं. चंचल वाल्मिक महाजन, वय बावीस, बी.कॉम., घटस्फोटित.

"मनी पोरनं लगीन आजून व्हयनं नही, आन् तू तिले घटस्फोटित करी टाकं?" भाऊंचा राग वाढला की ते मराठीवरून सरळ अहिराणीवर उतरत. "रविवारी नवागामच्या वाडीच्या हॉलमध्ये मेळावा. हा गठ्ठा कमिटीच्या अकरा घरांत फिरून आला. अकरा."

"भाऊ, मी असं टाइप केलेलं नाही."

"मग काय मशीन लिहितं?"

उज्ज्वलाने फायलीतून चंचलचा हाताने भरलेला फॉर्म काढला आणि 'अविवाहित' हा शब्द त्यांना दाखवला. भाऊ म्हणाले, म्हणजे चूक तुझीच. आठ वर्षं टाइपरायटर आणि दोन वर्षं कॉम्प्युटर चालवलेल्या बाईला हे ऐकून घेणं जड गेलं. तिने फाइल उघडली, शब्द दुरुस्त केला, फाइल साठवली आणि पुन्हा उघडून ते पान छापलं. चंचल अविवाहित झाली होती. पण तिच्याच खालच्या मुलीच्या रंगाच्या रकान्यात 'निवृत्त' आलं होतं, आणि तिचे वडील रेल्वेतून नुसतेच 'झाले' होते.

"हे आत्ता माझ्यासमोर केलं तू," भाऊ म्हणाले.

"तुमच्यासमोर मी त्या ओळीला हात तरी लावला का?"

भाऊंनी ते पाहिलं होतं, पण कबूल केलं नाही. शुक्रवारी सकाळी सूची छापखान्यात गेली नाही तर समाजाचं काम पुन्हा या दुकानात येणार नाही, एवढं बजावून ते गेले. तो मंगळवार होता.

बुधवारी लोकेश आला. रिंग रोडवरच्या ज्या दुकानातून उज्ज्वलाने कॉम्प्युटर घेतला होता, तिथला तो इंजिनिअर. त्याने सगळं ऐकलं आणि फ्लॉपीचा डबा उघडला. "ताई, व्हायरस असेल. पाच मिनिटांत कळेल." भाऊही येऊन बसले होते. आपल्या मागे इथे काय चालतं यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

पाच मिनिटांनी लोकेशने सांगितलं, "साफ आहे."

"पाच मिनिटांत सगळं बघितलं?" उज्ज्वलाने विचारलं.

"हा झटपट तपास. मशीन चालू होताना जे चढतं आणि आत्ता मेमरीत जे आहे, तेवढंच बघतो. बहुतेक व्हायरस तिथेच बसतात. पूर्ण तपासाला दोन तास लागतात."

"मग तो कर."

दोन तास पडद्यावर फायलींची नावं सरकत राहिली. लोकेशने समजावलं की त्याच्या फ्लॉपीत ओळखीच्या व्हायरसांच्या खुणांची यादी आहे, आणि प्रत्येक प्रोग्रॅम उघडून त्यात तशी खूण आहे का ते पाहिलं जातं. शेवटी पुन्हा तेच उत्तर आलं. साफ.

"बघ," भाऊ म्हणाले. "मशीन साफ. म्हणजे आता दोष कोणाचा?"

उज्ज्वलाने लोकेशलाच विचारलं, "यादीत नसलेला व्हायरस असला तर?"

"त्यालापण उपाय आहे ने," लोकेश गुजराती वळणाने म्हणाला. त्याने तिसरा तपास लावला. हा यादी बघत नाही, वागणूक बघतो. जो प्रोग्रॅम संशयास्पद वागेल त्याला पकडतो. दहाव्या मिनिटाला मशीनने टिंग आवाज केला आणि पडद्यावर लाल पट्टी आली. लोकेशचा चेहरा खुलला. "मिळाला. मेमरीत दडून बसतो, दाबलेलं प्रत्येक बटण मधेच पकडतो आणि दुसरंच अक्षर पुढे पाठवतो. उडवला."

"नाव काय त्याचं?"

लोकेशने नाव वाचलं. उज्ज्वला खुर्चीतून उठली.

"तो माझा मराठीचा प्रोग्रॅम आहे. इंग्रजी बटणावर मराठी अक्षर उमटवायचं म्हणजे बटण मधे पकडावंच लागतं."

तिने 'क' दाबून पाहिला. पडद्यावर 'k' उमटला.

यानंतरचा अर्धा तास निस्तरण्यात गेला. उज्ज्वलाने कपाटातून मराठीच्या चार फ्लॉप्या काढून एकेक करून प्रोग्रॅम पुन्हा चढवला. प्रत्येक फ्लॉपी ती अशी आत ढकलत होती की लोकेश दरवेळी मान खाली घालत होता. भाऊ दोनदा "वाह रे इंजिनिअर" म्हणाले. चौथी फ्लॉपी संपल्यावर ती लोकेशकडे वळली.

"तुझ्या पूर्ण तपासात सगळी नावं मी वाचली. माझी सूची त्यात एकदाही आली नाही. एकही पत्र आलं नाही."

"ताई, तो फक्त प्रोग्रॅम तपासतो. लिहिलेल्या कागदात व्हायरस राहत नाही. कागद काही करत नाही, नुसता पडून असतो."

"दोन दिवस माझे कागद नुसते पडून आहेत का? त्यांतले शब्द चालत सुटलेत. जिथे चोरी झाली ती खोली सोडून तू सगळं घर तपासलंस, आणि वर सांगतोस साफ आहे."

लोकेशने समोरच्या एसटीडी बूथवरून आपल्या दुकानाच्या शेठना फोन केला. परत आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. अलीकडे कागदाच्या फायलींत राहणारेही व्हायरस निघाले होते. त्यांच्या खुणा नव्या यादीत होत्या. त्याच्या फ्लॉपीतली यादी गेल्या वर्षीची होती.

गुरुवारी सकाळी तो नवी फ्लॉपी घेऊन आला. या वेळी 'सर्व फायली' असा तपास लावला. पहिल्या दहा मिनिटांत लाल पट्टी आली आणि मग येतच राहिली. एकतीस कागद. फाइल उघडली की हा व्हायरस मधूनच एखादा शब्द उचलायचा आणि दुसरीकडे नेऊन टाकायचा. उज्ज्वलाला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो रागच.

"आला कुठून ते सांग."

लोकेशने तिच्या सगळ्या फ्लॉप्या एकेक घालून तपासल्या. एकच सापडली. तिच्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'प्रमुखांचे मनोगत'. भाऊंनी ती आपल्या व्याह्यांच्या ऑफिसात टाइप करवून आणली होती.

भाऊंनी फ्लॉपी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "नवी होती," ते म्हणाले.

"मी व्हायरस काढला," लोकेश घाईने म्हणाला. "आता शब्द हलणार नाहीत."

"हललेले परत जातील?"

"ते नाही जाणार, ताई. कोणता शब्द कुठला, हे मशीनला कसं कळेल?"

फॉर्म होते दोनशे बारा, आणि हातात होता एक दिवस. उज्ज्वलाने फॉर्मांचा गठ्ठा भाऊंच्या मांडीवर ठेवला. "तुम्ही फॉर्म वाचा. मी पडद्यावर बघून दुरुस्त करते. एकही शब्द सोडू नका." भाऊंनी एकदा दाराकडे पाहिलं आणि खिशातून चष्मा काढून लावला.

त्यांचं वाचणं खणखणीत होतं. रस्त्यावरचे रिक्षावाले नावं ऐकून आत डोकावत होते. उंची, गोत्र, मामाचं गाव, सगळं ते मेळाव्याच्या मंचावरून बोलावं तसं वाचत गेले. दुपारी चंचलचा फॉर्म आला. तो त्यांनी मुलीकडून बंद पाकिटात घेऊन तसाच उज्ज्वलाला दिला होता. वाचला कधीच नव्हता. परवा उज्ज्वलाने दाखवला तेव्हाही त्यांनी एकच शब्द पाहिला होता.

"अपेक्षा," भाऊंनी वाचलं. "मुलगा शांत स्वभावाचा असावा. बाबांसारखा रागीट..."

ते थांबले. पुढचा शब्द त्यांनी मनातच वाचला. मग पडद्यावर पाहिलं. तिथे पहिल्या वाक्यानंतर पूर्णविराम होता, पुढे काही नव्हतं.

"हेपण व्हायरसने खाल्लं?"

"नाही," उज्ज्वला म्हणाली. "ते मी गाळलं. पुस्तक पाचशे घरांत जाणार."

लोकेश फ्लॉप्या डब्यात लावू लागला. त्या लावलेल्याच होत्या. भाऊंनी मुलीचं ते बारीक, तिरकं अक्षर पुन्हा एकदा पाहिलं आणि फॉर्म जपून गठ्ठ्याच्या खाली सरकवला.

"पुढचा घेऊ?" त्यांनी विचारलं.

"घ्या."

त्यांनी पुढचा फॉर्म उचलून वाचायला सुरुवात केली. दोनदा उज्ज्वलाला सांगावं लागलं, "भाऊ, जरा मोठ्याने वाचा, ऐकू येत नाही."