उपसागरातले बेट

एका जंगलाला, मुलांनो, समुद्राचा शेजार होता. समुद्राचे पाणी एका चिंचोळ्या वाटेने जंगलात शिरायचे, चिखलात लोळायचे आणि ओहोटी लागली की घरी जायचे. सगळे त्या जागेला खाडी म्हणत. खाडीच्या काठी एका बिळात शेवंती नावाची कुर्ली, म्हणजे खेकड्याची मादी, राहायची.

एके दिवशी कारभारी कोल्हा म्हणाला, "पलीकडच्या जंगलाला आखात आहे. आणि आपल्याला नुसती खाडी? पाहुण्यांना सांगायचं काय?"

मोजणीसाठी बगळेगुरुजींना बोलावले. ते खाडीत मधोमध जाऊन उभे राहिले. पाणी गुडघ्यापर्यंत आले.

"तीन बाजूंना जमीन, एका बाजूला समुद्र," गुरुजी म्हणाले. "याला आखातही म्हणता येईल, उपसागरही म्हणता येईल."

"दोन्हींत मोठं काय?"

"उपसागर."

"मग तेच लिहा."

"अहो, ओहोटीला इथे माझी पाठसुद्धा भिजत नाही!" शेवंती म्हणाली.

"शेवंताबाई, तुम्ही पडलात लहान. एवढा उपसागर तुमच्या नजरेत मावायचा कसा?" कोल्हा म्हणाला.

पाटी लागली.

पौर्णिमेच्या भरतीला एका देवमाशाने ती वाचली. उपसागर म्हणजे ऐसपैस असणार, म्हणून तो आत वळला. तेवढ्यात ओहोटी लागली. देवमासा खाडीच्या तोंडाशीच चिखलात रुतला, बाटलीला बूच बसावे तसा.

आता भरतीचे पाणी आत येईना. शेवंतीचे बीळ सुकू लागले. आणि अमावास्येला तर तिला जुने कवच टाकायचे होते! कवच टाकलेली कुर्ली लोण्यासारखी मऊ असते. तेव्हा बीळ ओले नसेल, तर तिचा जीवच जायचा.

ती तिरकी तिरकी धावत कोल्ह्याकडे गेली. "कारभारी भावोजी, खाडीच्या तोंडात देवमासा अडकलाय! काढा हो त्याला!"

गुरुजींनी लांबूनच पाहणी केली. "भोवती थोडंफार पाणी, मध्ये उंचवटा. हे बेट आहे."

"वा!" कोल्हा खूश झाला. "उपसागराला एक बेट हवंच होतं."

देवमाशाच्या पाठीवर नारळाचे रोप लावले. माकडांच्या सहली येऊ लागल्या.

अमावास्येला उधाण आले. पाण्याने देवमाशाला अलगद उचलले. शेवंती ओरडली, "दादा, हीच वेळ! शेपटी मारा आणि निघा!"

"कसा निघू, ताई?" देवमासा गंभीरपणे म्हणाला. "मी बेट आहे. बेटं कधी हलतात का? शिवाय पाठीवर मंडळी डबे खातायत."

इकडे शेवंतीचे कवच पाठीवर तडकू लागले होते. तिने दोन्ही नांग्या उघडल्या आणि बेटाच्या शेपटीला कडकडून चिमटा काढला.

"आई गं!" बेट किंचाळले आणि एका उडीत समुद्रात गेले. माकडे डब्यांसकट चिखलात पडली. पाणी खळाळत आत आले. शेवंती कशीबशी बिळात शिरली आणि तिने कवच टाकले.

थोड्याच वेळात बाहेर कोल्हा खाकरला. "शेवंताबाई, विनापरवाना बेट हलवल्याबद्दल खुलासा हवाय. बाहेर या!"

"आत्ता अंगावर काही नाही, भावोजी," आतून आवाज आला. "चार दिवसांनी या."

तर मुलांनो, तात्पर्य असे : चिखलात रुतलेल्याला कधी ओढून काढू नये. त्याला एखादे भारदस्त नाव द्यावे. आपले हात स्वच्छ राहतात, आणि बहुतेक वेळा त्यालाही ते आवडते.